त्रितालातली हजार वर्षं

माझी भाची दोन वर्षांपासून तबला शिकते आहे. रविवारी सकाळी ती ताईबरोबर आमच्याकडे येते आणि चहा-बिस्किटांच्या आधीच अण्णांच्या खोलीत रियाजाला बसते. अण्णा म्हणजे माझे वडील, तिचे आजोबा. त्यांची आरामखुर्ची खिडकीशी आणि तिची बैठक त्यांच्या पायाशी. गेल्या महिन्यात ठेका चालू असताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "मामा, हेच बोल पुढेमागे केले तर सोळा मात्रांत एकूण किती प्रकार होतील रे?"

प्रश्न मला फार आवडला. त्रितालाच्या ठेक्यात बोल चारच आहेत: धा, धिं, तिं आणि ता. पहिल्या मात्रेवर या चारांतला कुठलाही एक ठेवता येतो, म्हणजे चार प्रकार. दुसऱ्या मात्रेवर पुन्हा चार, म्हणजे दोन मात्रांचे १६ प्रकार. तिसरीपर्यंत ६४. असं सोळाव्या मात्रेपर्यंत चारानं गुणत जायचं. आमच्याकडे पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा असतोच. त्यातला एक घेऊन तिनंच गुणाकार केले, मी शेजारी बसून हातचे तपासत गेलो. शेवटी कागदाच्या तळाशी आकडा आला: ४,२९,४९,६७,२९६. चारशे एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे शहाण्णव.

तिनं तो दोनदा मोठ्यानं वाचला. मग साहजिकच पुढचा प्रश्न आला: हे सगळे वाजवायचे तर किती वेळ लागेल? मात्रेला अर्धा सेकंद धरला तर एक आवर्तन आठ सेकंदांत होतं. झोप नाही, जेवण नाही, एकामागून एक आवर्तन वाजवत राहायचं. भागाकार केला तर उत्तर येतं सुमारे १,०८९ वर्षं. म्हणजे आज जो शेवटचं आवर्तन वाजवून उठेल, त्यानं मान्यखेटात राष्ट्रकूटांचं राज्य असताना पहिल्या मात्रेवर हात ठेवलेला असणार. ज्ञानेश्वरांचा जन्म झाला तेव्हा त्याची तीनशेहून अधिक वर्षं वाजवून झालेली असतील आणि साडेसातशे उरलेली असतील. पानिपत, पेशवाई, रेल्वे, स्वातंत्र्य हे सगळं त्याच्या खिडकीबाहेरून निघून जाईल. त्याच्यापुढे मात्र तेच चार बोल आणि त्याच सोळा मात्रा.

आणि ही झाली नुसती बरोबरीची लय. तबल्यात कुणी तिथं थांबत नाही. दुप्पट लयीत एका मात्रेत दोन बोल येतात, म्हणजे सोळा मात्रांत बत्तीस जागा. आता चारानं बत्तीस वेळा गुणायचं. तो आकडा भाचीला कागदावर मांडता आला नाही, मी संगणकावर काढून तिला लिहून दिला: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. हा आकडा मी आधी कुठंतरी पाहिला आहे असं वाटत राहिलं, आणि रात्री आठवलं. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे ठेवत जायचे, तर चौसष्ट घरांत मिळून किती दाणे होतील, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. राजाचं कोठार रिकामं होतं ती. त्या सगळ्या दाण्यांत एक दाणा आणखी मिळवला की बरोबर हाच आकडा येतो. दुप्पट लयीतला त्रिताल आणि बुद्धिबळाचा पट यांच्यात फरक एका दाण्याचा! ही आवर्तनं आठ-आठ सेकंदांनी वाजवायची म्हटली तर ४ लाख ६७ हजार कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे. म्हणजे विश्वाच्या वयाच्या तीनशे एकोणचाळीसपट वेळ, आणि तोही एका तालाच्या एका लयीसाठी.

मोठे आकडे म्हटले की लोक आकाशाकडे बघतात. तारे, आकाशगंगा, प्रकाशवर्षं. मला आकाश आवडतंच, पण त्या आकड्यांना हात लावता येत नाही. त्रितालातले हे आकडे हाताला लागतात. दहा-अकरा वर्षांची मुलगी चामड्यावर बोट ठेवते तेव्हा तिच्यापुढे चारशे एकोणतीस कोटी वाटा उघड्या असतात आणि ती त्यांतली एक घेते. ठेका म्हणून आपण जे ऐकतो ते या कोट्यवधींमधलं एकच आवर्तन. नवव्या मात्रेवर काल येतो, मग दहाव्या-अकराव्या मात्रेवर डग्गा गप्प होतो, बाराव्या-तेराव्या मात्रेपर्यंत गप्पच राहतो आणि चौदाव्या मात्रेवर पुन्हा घुमून समेकडे ओढ घेतो. ही रचना कुणी यादी करून, एकेक तपासून निवडलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाजवणाऱ्यांच्या हातांनी ती शोधली आणि ऐकणाऱ्यांच्या मानांनी डोलून ती पक्की केली. अहमदजान थिरकवाँ खाँसाहेब गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला वाजवायचे, तेव्हाही ठेका हाच होता. हजार वर्षांची वाट न चालता माणसं नेमक्या त्या आठ सेकंदांपाशी पोचली, हे मला त्या आकड्याहून मोठं वाटतं.

रागांचा हिशेब तर शास्त्राच्या पुस्तकांतच करून ठेवलेला आहे आणि संगीताच्या परीक्षा देणाऱ्या प्रत्येकानं तो पाठ केलेला असतो. एका थाटात सात स्वर. षड्ज सोडता येत नाही, उरले सहा. सगळे घेतले तर संपूर्ण जाती, एक प्रकार. एक स्वर वगळला तर षाडव, सहा प्रकार. दोन वगळले तर औडव, पंधरा प्रकार. एकूण बावीस. आरोहाचे बावीस आणि अवरोहाचे बावीस यांचा गुणाकार ४८४. व्यंकटमखींनी सतराव्या शतकात ७२ मेल, म्हणजे थाट, सांगितले. त्या प्रत्येकातून ४८४ राग निघाले तर ३४,८४८. रोज एक नवा राग ऐकायचा ठरवला तर पंच्याण्णव वर्षं पुरतील. मैफलींतून आपल्या कानावर पडणारे राग मात्र दीड-दोनशेच्या घरातले.

आणि तरीही हा हिशेब तोकडा पडतो. भूप आणि देशकार घ्या. दोघांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. या गणितात दोघांना मिळून जागा एकच आहे. पण भूप गांधारावर विसावतो आणि देशकार धैवतावर. पहिल्या दोन आलापांतच जाणकाराला कळतं की हा संध्याकाळनंतरचा राग नव्हे, सकाळचा आहे. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचंही तसंच, स्वर तेच आणि स्वभाव तीन. ३४,८४८ हा आकडा मला आवडतो तो यासाठी की एवढा मोठा असूनही तो भूप-देशकारापाशी येऊन थांबतो.

रियाज चालू असतो तेव्हा ताई स्वयंपाकघरात असते. तिला पाव करायचा नाद आहे. लहानपणी आमच्याकडे भाजणं म्हणजे दिवाळीआधी मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीत जायचं, तिथं रांगेत थांबायचं आणि आपली नानकटाई भट्टीतून पत्र्याच्या ट्रेमध्ये येताना बघायची. घरी ओव्हन नव्हता. केक व्हायचा तो कुकरमध्ये, तळाशी मीठ पसरून, शिट्टी आणि रबर काढून. आता ताईकडे ओव्हन आहे आणि रविवारी ती आमच्याकडे येताना पिठाचा डबा घेऊनच येते.

पावाची सुरुवात एका लहान वाटीत होते. कोमट पाणी, चमचाभर साखर आणि वर दोन चमचे कोरडं यीस्ट. बाजरीच्या कण्यांसारखे ते दाणे आधी पाण्यावर तरंगतात, मग त्यांच्या कडा मऊ होतात, पाच मिनिटांनी एखादा बुडबुडा वर येतो आणि दहा मिनिटांत वाटीवर तपकिरी फेसाची टोपी चढते. ताडीसारखा आंबूस वास सुटतो. तो वास अगदी खरा आहे, कारण गोव्याचे पोदेर पूर्वी पावाचं पीठ सुरेनंच, म्हणजे माडाच्या ताडीनंच, फुगवत असत. पाव हा शब्दच पोर्तुगीजांबरोबर आला.

दोन चमचे म्हणजे साधारण सात ग्रॅम. कोरड्या यीस्टच्या एका ग्रॅममध्ये हजार कोटींहून जास्त पेशी असतात. साऱ्या जगाची माणसं आज आठशे कोटींच्या थोडी वर आहेत. ग्रॅमभर यीस्टमध्ये साऱ्या मानवजातीहून जास्त जीव आहेत आणि वाटीत धरले तर दहा हजार कोटींच्या आसपास होतात. एका पेशीचा व्यास मिलिमीटरचा दोनशेवा भाग. त्या सगळ्या एकीला एक लावून मांडल्या तर पाचशे किलोमीटरची रांग होते. मुंबईहून सरळ रेषेत निघालेली ही रांग पणजी ओलांडून पुढे जाईल. वाटीतल्या फेसातून पोदेरांच्या गावापर्यंत पोचणारी ही रांग मला दर रविवारी दिसते.

एका थंडीत मी ताईला मदत करायला गेलो आणि घाईत कोमटाऐवजी कढत पाणी ओतलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली, फेस आला नाही. वाटीतलं पाणी नुसतं गढूळ राहिलं. ताई काही बोलली नाही, तिनं वाटी विसळून ठेवली आणि पाकिटातून पुन्हा दोन चमचे काढले. पण मला ती वाटी विसरता येत नाही. साठ अंशांच्या वर यीस्ट जगत नाही. तेव्हापासून मी पाण्यात आधी करंगळी बुडवतो.

सोड्याचं काम वेगळं, ते जिवंत नसतं. दह्यातला केक करताना अर्धा चमचा खायचा सोडा पडतो, अडीच ग्रॅमच्या आसपास. दह्याच्या आंबटपणाशी त्याची पूर्ण गाठ पडली तर त्यातून पाऊण लिटर वायू निघतो. अर्ध्या चमच्यातून दुधाच्या दीड पिशवीएवढी हवा! ती पिठाच्या लक्षावधी बारीक फुग्यांत अडकून बसते आणि आपण जाळी छान पडली म्हणतो. खारीची गोष्ट आणखी निराळी. लोण्याचा थर मैद्यात गुंडाळून तीन घड्या घालायच्या, लाटायचं, पुन्हा तीन घड्या. असं सहा वेळा केलं की ३, ९, २७, ८१, २४३ आणि ७२९ थर. चार मिलिमीटर जाडीची लाटी असेल तर एकेका पदराला मिळते ती जाडी मिलिमीटरच्या हजार भागांतली पाच-सहा भाग, जवळजवळ यीस्टच्या एका पेशीएवढी. हे लाटणं ताईच्या हाताला कळतं. लोणी जरा मऊ पडलं की ती ते सरळ फ्रीजमध्ये ठेवते आणि अर्धा तास त्याच्याकडे बघत नाही.

केक ओव्हनमध्ये गेला की वास जिन्यापर्यंत जातो आणि वरच्या मजल्यावरची मुलं काही ना काही निमित्त काढून खाली येतात. त्यातला व्हॅनिलाचा वास प्रामुख्यानं व्हॅनिलिन नावाच्या एका रेणूचा. एक मिलिग्रॅम व्हॅनिलिन म्हणजे एवढासा कण, आणि त्यात रेणू किती, तर ४ वर १८ शून्यं. ते जगातल्या सगळ्या माणसांना समान वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ४८ कोटी येतील. वरच्या मजल्यावरच्या मुलांच्या वाट्याला नक्कीच जास्त येतात.

दुपारी जेवणं झाली की टीव्हीवर सामना लागतो आणि अण्णांची खुर्ची बाहेरच्या खोलीत येते. अण्णांनी तरुणपणी रेडिओवरचं समालोचन ऐकत स्कोअर लिहिला. लांब, आडव्या रेघांच्या वह्या, धाव झाली तर आकडा आणि नाही झाली तर टिंब. षटक निर्धाव गेलं की सहा टिंबं जोडून त्यांचा एम करायचा. त्यांची १९६४ सालची वही अजून आहे. तेव्हा ते कॉलेजात होते. जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध कसोटी होती आणि गोलंदाजीला होते बापू नाडकर्णी, आमच्या नाशिकचे. त्या पानावर एमच्या रांगा आहेत. पिवळ्या पडलेल्या कागदावर निळ्या शाईचे एम, एकाखाली एक, सगळे सारख्याच तिरकेपणानं काढलेले. बापूंनी सलग २१ षटकं निर्धाव टाकली. त्यांच्या सलग १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. समोर बॅरिंग्टन आणि बोलस होते. डावाअखेर बापूंच्या नावापुढे लागलं: ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी.

१३१ चेंडू म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगायचं तर असं सांगावं लागतं की ट्वेंटी-ट्वेंटीतला एक आख्खा डाव १२० चेंडूंचा असतो. तो पूर्ण डाव आणि वर अकरा चेंडू, आणि फलकावर शून्य. भाचीनं आधी विश्वासच ठेवला नाही. मग आम्ही पुन्हा पाठकोरा कागद घेतला. समजा गोलंदाज इतका चांगला आहे की त्याच्या दहापैकी नऊ चेंडूंवर धाव निघत नाही. मग सलग १३१ चेंडू कोरे जाण्याची शक्यता किती? दहा लाखांत एक. दहापैकी आठ धरले तर ती पाच लाख कोटींत एकावर जाते. फलंदाज बचावाच्या पवित्र्यात होते हे खरं, आणि त्यामुळे हा हिशेब थोडा सैल करावा लागेल. पण बापू एका दिवसापुरते बापू नव्हते. ४१ कसोटींची त्यांची कारकीर्द आणि तीत षटकामागे सरासरी १.६७ धावा.

सरावाला ते खेळपट्टीवर नाणं ठेवत आणि चेंडू त्या नाण्यावर टाकत, असं सांगतात. नाण्याचा व्यास अडीच सेंटीमीटर धरा आणि ते हातापासून चौदा मीटरवर ठेवलेलं आहे असं समजा. हात सुटताना डावी-उजवीकडे अंशाच्या दहाव्या भागाचा फरक झाला तरी चेंडू नाण्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जातो. कंपासपेटीतल्या कोनमापकावर एक अंश म्हणजे दोन बारीक रेघांमधली जागा. तिचे आणखी दहा भाग करायचे आणि त्यांतला एक भाग खांद्यात, मनगटात आणि बोटांत बसवायचा, तोही एकशे एकतीस वेळा, भर उन्हात. तबलजी चारशे एकोणतीस कोटींतून जसं निवडतो, तसंच बापू खेळपट्टीच्या सगळ्या मातीतून एक नाण्याएवढी जागा निवडत होते. वहीतले ते एम मी बोटानं मोजतो तेव्हा मला त्या निवडीचा आवाज ऐकू येतो.

अण्णांच्या त्या वह्यांत भाऊसाहेब निंबाळकर नाहीत, पण बोलण्यात असतात. १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना ते नाबाद ४४३ वर होते आणि ब्रॅडमनचा विक्रम होता नाबाद ४५२. काठियावाडच्या संघानं सामना तिथंच सोडून दिला. विक्रम मोडायला राहिल्या दहा धावा. दहा हा माझ्या सगळ्या कागदांवरचा सर्वांत लहान आकडा असेल, पण अण्णा तो उच्चारताना अजून आवाज खाली आणतात.

बघणाऱ्यांचाही हिशेब करायला हवा, कारण आम्ही सगळे त्या बाजूचे. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. मैदानात सुमारे ३३ हजार माणसं. दुपारी अडीचला सुरू झालेला सामना रात्री धोनीच्या षटकारानं संपला, साधारण आठ तास. प्रत्येकाचे आठ तास एकत्र केले तर २ लाख ६४ हजार तास होतात, म्हणजे तीस वर्षं. १९८३ च्या विजयानंतर आपण एकदिवसीय विश्वचषकाची वाट पाहिली ती अठ्ठावीस वर्षं. साऱ्या देशानं जितकी वर्षं वाट बघितली त्याहून जास्त वर्षं त्या एका संध्याकाळी चर्चगेटजवळच्या त्या वर्तुळात जगली गेली. मी घरी टीव्हीसमोर होतो. माझे आठ तास त्यांत धरलेले नाहीत आणि कोट्यवधी घरांतलेही नाहीत.

संध्याकाळी अण्णांना गाणं लागतं. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळच्या थोड्या जुन्या तबकड्या आहेत, मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्याही. मिनिटाला ७८ फेरे आणि एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. म्हणजे सुई तबकडीभोवती अडीचशे फेरे घेते. दहा इंची तबकडीवरची ती खाच उलगडून सरळ केली तर लांबी भरते सुमारे १३० मीटर, म्हणजे क्रिकेटच्या साडेसहा खेळपट्ट्या. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचा आवाज त्या साडेसहा खेळपट्ट्यांच्या खाचेत अजून आहे.

मोबाइलवर तेच गाणं आकड्यांत असतं. सीडीच्या दर्जानं साठवायचं तर सेकंदाला ४४,१०० आकडे, तेही दोन्ही कानांसाठी वेगवेगळे. तीन मिनिटांच्या गाण्याचे १ कोटी ५८ लाख ७६ हजार आकडे. ते सेकंदाला एक या वेगानं मोठ्यानं वाचायला बसलं, रात्रंदिवस न थांबता, तर मकर संक्रांतीला सुरुवात केलेली असेल आणि गाणं संपेल तेव्हा आषाढीच्या वारीची वेळ झालेली असेल. सहा महिन्यांचं वाचन आपण तीन मिनिटांत ऐकतो आणि वर म्हणतो, लहानसंच गाणं आहे.

गाणाऱ्याच्या गळ्यात काय चालतं ते तर मला थरारून टाकतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सेकंदाला १३९ कंपनांचा. दीड-दोन सेंटीमीटरच्या दोन पडद्यांची ती एकमेकांवर पडणारी थाप. तीन तासांच्या मैफलीत निम्मा वेळ आवाज लागलेला आहे असं धरलं आणि सारं गाणं षड्जावरच झालं असं मानलं, तरी त्या संध्याकाळी साडेसात लाख थापा होतात. तार षड्जावर वेग दुप्पट. तबलजीचे हात आपल्याला दिसतात, गवयाच्या गळ्यातले दिसत नाहीत एवढंच.

ऐकणारा कान याहूनही नाजूक. जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि कान दुखवणारा आवाज यांच्या शक्तीत फरक एक लाख कोटीपट, एकावर बारा शून्यं. त्या जेमतेम आवाजात हवा जितकी मागेपुढे हलते ते अंतर हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाहून कमी असतं. हे सारं टिपतात ते आतल्या कानातले केसांच्या पेशींचे पट्टे, एका कानात पंधरा-सोळा हजार पेशी, वानखेडेच्या निम्म्या खुर्च्यांएवढ्या. शंखासारख्या वळणाच्या साडेतीन सेंटीमीटर लांब नळीत त्या ओळीनं बसलेल्या असतात. उंच स्वर टिपणाऱ्या दारापाशी, खर्जाच्या अगदी आत. दारापाशी झीज आधी होते, आणि माणसात या पेशी गेल्या की परत येत नाहीत.

अण्णांच्या दारापाशच्या पेशी गेल्या आहेत. सकाळची चिमण्यांची चिवचिव त्यांना येत नाही, मोबाइलची बारीक टिणटिण येत नाही, तंबोऱ्याची जवारी पूर्वीसारखी भरून येत नाही असं ते स्वतःच सांगतात. भाची काही म्हणाली तर तिला जवळ जाऊन म्हणावं लागतं.

गेल्या रविवारी संध्याकाळी ती निघण्यापूर्वी पुन्हा तबल्यावर बसली. अण्णा डोळे मिटून खुर्चीत होते, झोपले असावेत असं मला वाटलं. मी शेजारी पाठकोऱ्या कागदावर मांडत होतो की ठेक्यातला फक्त एकच बोल बदलला तर किती आवर्तनं होतात. सोळा जागा, प्रत्येक जागी दुसरे तीन बोल, म्हणजे अठ्ठेचाळीस. चारशे एकोणतीस कोटींमधली ही अठ्ठेचाळीस ठेक्याला अगदी खेटून उभी आहेत, एका बोटाच्या अंतरावर. तिची लय चढली होती आणि मला काही खटकलं नव्हतं.

"अकरावी," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "तिथं डग्गा नको, पोरी. तिं आहे तो."

ती थांबली, मनात बोल मोजले, आणि मान हलवून पुन्हा समेपासून सुरू झाली.